आत्तींचा डबा आणि आळशी केक

उंदरांना माणसाचं बोलणं कळतं, अशी आमच्या सासूबाईंची पक्की खात्री होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराला लागून दाण्याचं गोदाम होतं, त्यामुळं घरात उंदरांना तोटा नव्हता. पण त्यांच्यावर औषध घालायचं तर घरात चकार शब्द काढायचा नाही. औषध म्हणायचं नाही, उंदीर म्हणायचं नाही. अगदीच वेळ आली तर 'मामा'. कधी घातलं, कुठं ठेवलं, कशात कालवलं, हे फक्त सासूबाईंना ठाऊक. तोंडानं बोललं की मामा ऐकतात, आणि ऐकलं की खात नाहीत, एवढं साधं त्यांचं गणित. मी त्यांना आत्ती म्हणायची, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला ह्या मामा प्रकरणाचं हसू यायचं. नंतर उंदीर दिसला की मीही गप्प बसायला लागले. माणूस कशालाही सोकावतं.

आमचे हे उद्यमनगरात एका फाउंड्रीत कामाला होते. सत्तरच्या दशकात कारखान्यानं त्यांना नव्या मशीनचं काम शिकायला परदेशी धाडलं. सगळी पेठ म्हणायची, रशियाला गेलाय. हे परत आल्यावर एकेकाला समजावत बसायचे, "रशिया न्हवं, लिथुआनिया. रशियाच्या ताब्यात हाय, पर मुलूख येगळा." ऐकणारा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "तेच की. रशिया." शेवटी ह्यांनी नाद सोडला. तिथनं आणलं काय, तर एक लोकरीची टोपी, जी कोल्हापुरात डोक्यावर घालायची सोय नाही, आणि एका केकची आठवण. ह्यांच्या हॉस्टेलच्या मेसमधली बाई तो करायची. त्याला म्हणे ते लोक आळशी म्हणतात, कारण कुणाही ऐद्याला जमावा असा. भट्टी नको, अंडं नको, फेटणं नको. लोणी वितळवायचं, त्यात साखर, कोको आणि आटवलेलं दूध घालायचं, बिस्किटं हातानं मोडून टाकायची, कागदात गुंडाळून जाड लाटण्यासारखा वळायचा आणि गारठ्यात ठेवून द्यायचा. कापला की आत बिस्किटाचे तुकडे दिसतात, मोझॅकच्या फरशीत दिसतात तसे.

"तितं खिडकीच्या भाईर ठेवला की दगुड व्हायचा," हे सांगायचे.

इथं एप्रिलात खिडकीत ठेवला असता तर त्याचं पिठलं झालं असतं.

पण लेकीचा वाढदिवस एप्रिलातच यायचा. पाच वर्षांची होत होती आणि बापाच्या तोंडून त्या केकचं इतकं ऐकलं होतं, की तोच पाहिजे म्हणून हटून बसली. वाढदिवसाच्या सकाळी पाळीवर जायच्या आधी ह्यांनी बर्फाच्या लादीचा तुकडा आणून भुशात घालून पोत्यात गुंडाळून ठेवला. आत्ती आदल्या दिवशी कागलला भावाकडं गेल्या होत्या, दुपारच्या एसटीनं यायच्या होत्या. बरंच झालं म्हटलं. आत्ती माळकरी, केक म्हटलं की त्यांना अंडंच दिसायचं. त्या यायच्या आत करून झाकून ठेवला की कटकट नाही.

म्हशीचं दूध मी आटवून आटवून रबडीवर आणलं. लेकीला भाकरी, दही आणि लसणाची चटणी असं जेवायला घातलं आणि कामाला लागले. लोणी, साखर, कोको सगळं छान एकजीव झालं. घरभर असा वास सुटला की मला वाटलं, लिथुआनिया म्हणतात तो हाच असणार. मग बिस्किटं घालायला घेतली तर एक पुडा अर्धा रिकामा. लेक आणि तिचा बाप, कुणाचं काम ते विचारण्यात अर्थ नव्हता. होती तेवढी घातली, पण मिश्रण सैलच राहिलं, वळता वळेना. दुकानं दुपारची बंद.

मी स्टूल घेऊन फळीवर शोधायला लागले. लोणच्याच्या बरण्यांमागं एक चपटा पत्र्याचा डबा होता. उघडला तर आत बिस्किटांचा चुरा, गुळाचा हात लागलेला, जरा काळपट. मला वाटलं, आत्तींनी नातीसाठी लपवून ठेवलेला खाऊ. त्यांना ती सवय होतीच, शेंगदाण्याचे लाडू सुद्धा त्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. मी सगळा चुरा पातेल्यात ओतला. मिश्रण झ्याक घट्ट झालं. कागदात वळलं, डब्यात घातलं, डबा बर्फावर ठेवला. पातेलं लेकीच्या पुढ्यात दिलं. तिनं ते बोटांनी इतकं चाटून साफ केलं की घासायचं काम उरलं नाही.

आत्ती आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाय धुऊन आत आल्या, पिशवी ठेवली आणि पाणी प्यायच्या आधी फळीकडं गेल्या. बरण्या सरकवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

"हितला डबा?" त्यांनी विचारलं.

"धुऊन पालथा घातलाय. चुरा मी केकात घातला, आत्ती. बिस्किटं कमी पडली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला काही कळेना. दंडाला धरून त्यांनी मला परसात नेलं, भिंतीपासून लांब, आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. तशा वेळीसुद्धा त्या कुजबुजत होत्या. मामांसाठी दोन डबे केले होते. आधी साधा गूळ-चुरा घालून त्यांना चटक लावायची, मग औषध कालवलेला ठेवायचा. एक डबा कागलला जायच्या आधी ह्यांच्याकडनं माळ्यावर ठेवून घेतला होता. दुसरा फळीवर.

"फळीवरचा कुठला? साधा का औषधाचा?" मी विचारलं.

त्या बोटं मुडपायला लागल्या.

"आत्ती, औषध होतं का त्यात? आठवा की."

त्यांचे ओठ हलत होते. त्या बोटांवर काहीतरी आठवत होत्या, एक डबा, दुसरा डबा, कुठला आधी दिला. मग माझ्याकडं बघून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पोरी, मला आठवंना." पुढं कधी सांगायचं झालं तर मी हेच सांगते, की त्या घरात मी सगळ्यात भयंकर ऐकलं ते हे वाक्य. आत्तींना न आठवणारी गोष्ट मी तोवर बघितली नव्हती. कुणाच्या बारशाला कुणी कुठलं लुगडं नेसलं होतं, हे सांगणारी बाई ती.

मी आत पळाले. लेक भातुकली मांडून बसली होती. ओठांवर कोकोच्या मिशा. तो काळपट चुरा माझ्या डोळ्यांपुढं आला. गूळ काळा होता की दुसरं काही? मी का नाही हुंगलं? आणि हुंगून तरी काय, सगळ्या स्वयंपाकघरात लसूणच लसूण.

"मिठाचं पाणी पाज," आत्ती मागनं म्हणाल्या. पाजलं. पोरीनं अर्धं माझ्या अंगावर थुंकलं आणि भोकाड पसरलं. उलटी झाली नाही. शेजारचे चाचा रिक्षा चालवायचे, ते नेमके जेवून खाटेवर पडले होते. मी हाक मारली तसे बनियनवरच उठले. आत्तींना बरोबर घ्यायचं मला सुचलं नाही. त्या दारात उभ्या होत्या, एवढंच आठवतं.

रिक्षात लेक म्हणाली, "आई, मला झोप येतीया."

तिची ती रोजची दुपारची झोपायची वेळ होती. मला ठाऊक होतं ते, मी आई होते तिची, आणि तरी मी तिला गदागदा हलवलं. बोल म्हटलं, काहीतरी बोल. बाराखडी म्हण. ती रडत रडत क, का, कि, की म्हणत होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते. चाचा मागं वळून बघत नव्हते, पण हॉर्नवरचा हात त्यांनी दवाखाना येईपर्यंत काढला नाही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोरीच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"लसणाचा वास येतोय. त्या औषधाला असाच वास असतो."

"दुपारी लसणाची चटणी खाल्लीय तिनं," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "मग वासावरनं काही सांगता येणार नाही. बाई, नक्की होतं की नव्हतं, हे कुणाला ठाऊक आहे? किती होतं?"

"सासूबाईंना. पण त्यांना आठवत नाही."

"पुन्हा विचारा. आम्ही पोट धुतो, पण कळलं तर बरं होईल."

मी चाचांना म्हटलं, घरी जाऊन आत्तींना विचारा, आणि वाटेत कारखान्यावर ह्यांना निरोप द्या. ते गेले. मग डॉक्टरांनी लेकीला आत नेलं. तिच्या घशात नळी घालताना तिचे हात धरायला मला सांगितलं. ते मी केलं. ते कसं केलं हे मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही. नंतर ती निपचित पडली, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास येतोय का बघत बसले. दर वेळी मला वाटायचं, आता पुढचा यायचा नाही. देवाला मी काय काय बोलले, नवसाचं एक देऊळ शिल्लक ठेवलं नाही.

बाहेर रिक्षा थांबली. चाचा आत आले. त्यांच्यामागं आत्ती, भिंतीला धरून. त्यांच्या तोंडाला, हनुवटीला, लुगड्याच्या पदराला चॉकलेट लागलेलं.

"पोरी," चाचा म्हणाले, "मी गेलो तर म्हातारी बर्फाच्या पोत्याजवळ बसलेली. ते तुझं खात हुती. निम्मं संपवलंय तिनं."

मी आत्तींकडं बघितलं. मघापासनं एकीसाठी जीव टांगणीला लागला होता. आता दुसरी समोर उभी.

"हे काय केलंत, आत्ती?"

"तू इचारत हुतीस न्हवं, हाय का न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. दम लागला होता त्यांना. "मला आठवंना. माळ्यावर चढून दुसरा डबा बघावा तर गुडघं वर उचलंनात. मग कळायचं कसं? मला काय हुतंय का बघा. अजून तर काय न्हाई."

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "आजी, काय हे!" म्हणाले आणि नळी परत मागवली. आत्तींनी पदर खोचला, बाकावर बसल्या आणि आपणहून तोंड उघडलं. बारक्या पोरीला धरायला दोघं लागले होते, त्यांना कुणी धरावं लागलं नाही.

हे आले तेव्हा कामाच्या कपड्यांतच होते, हात काळे. मी काय झालं ते कसंबसं सांगितलं. माळा म्हटल्याबरोबर ते उलट पावली निघाले. आम्ही बसलो. खाटेवर लेक, शेजारच्या खाटेवर आत्ती, मधे मी. एकीकडं बघितलं की दुसरीकडं काही होईल असं वाटायचं, म्हणून मी सारखी मान वळवत होते. नर्स म्हणाली, ताई, चक्कर येऊन तुम्हीच पडाल. पडले असते तरी चाललं असतं.

दिवे लागायच्या सुमाराला हे परत आले. दारातनंच म्हणाले, "माळ्यावर मेल्यात. डब्याच्या भोवतीनं पडल्यात उंदरं. औषधाचा डबा वरचा हुता."

म्हणजे फळीवरचा साधा. नुसता गूळ आणि चुरा. डॉक्टरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाले, आता काळजी नाही, तरी सकाळपर्यंत राहू द्या. हे लेकीच्या पायाशी मटकन बसले. ती जागी झाली आणि पहिलं काय विचारलं, तर केक कुठाय.

मी उठून आत्तींच्या खाटेशी गेले. घसा दुखत असणार, त्या हळू बोलत होत्या.

"आत्ती, त्यात औषध असतं तर?"

"असतं तर मला आदी झालं असतं की. तिनं नुसतं चाटलं हुतं, मी भरपेट खाल्लंय. डाक्टरला कळलं असतं, पोरीला काय द्यायाचं ते."

"आणि तुमचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. प्रश्न त्यांना खरंच कळला नव्हता.

"तू पोरीचं इचारत हुतीस," त्या म्हणाल्या. "माझं कोण इचारत हुतं?"

तक्रार नव्हती त्यात. जसं झालं तसं त्या सांगत होत्या. मी खाटेच्या कडेला बसले, त्यांच्या पदराला लागलेलं ते वाळलेलं चॉकलेट नखानं खरवडत राहिले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं.