बेटावरचं जाळं

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं पाटकरी म्हणून काढलेला बन्सी निवृत्तीनंतर तलावावर पाखरं मोजायला लागला, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. पाट वाहता होता तोवर "साहेब, साहेब" करणारा बंकट आता मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झाला होता. बन्सीच्या लेकीनं पुण्याहून धाडलेली पिवळी कायाक, एका माणसाची वल्ह्याची होडी, पाण्यात दिसली, की बंकट थुंकायचा.

त्या साली दुष्काळानं तलाव पाव हिश्श्यावर आला. मे महिन्यात मधल्या उघड्या बेटावर नदी सुरय पाखरांनी वाळूत अंडी घातली. उरल्यासुरल्या मासळीवर सोसायटीची चाळीस घरं टेकलेली, आणि तिच्यावरच सुरय सूर मारायचे.

"तुझी पाखरं आमचा घास खातेत बे," बंकट काठावरून ओरडला. "उद्या होडी घातली तर बघ."

"ठेका मासळीचा हाय तुमचा. पाण्यावर तरंगायचा न्हाई." बन्सीनं वल्हं थांबवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या सकाळी घरट्यांवरच जाळं अंथरलेलं. सात सुरय अडकून फडफडत होते, दोन मेले होते. बन्सीचं डोकं फिरलं. गाठी सोडवत न बसता त्यानं चाकूनं सरळ जाळं फाडलं.

जाळं चंद्रभागाबाईचं निघालं. नवऱ्यामागं एकटी मासे धरणारी बाई. बंकटनं ते तिच्याकडून मागून नेलं होतं. दुपारपर्यंत कायाकवर कोयत्याचे चार घाव बसले. त्याचा बन्सीला रागच आला. बाईच्या जाळ्याचं मात्र त्याला आत टोचत राहिलं.

तो तिच्या अंगणात जाऊन बसला.

"कावून आलात?"

"जाळं सांधायला."

तिनं जाळं त्याच्या अंगावर फेकलं. त्याला गाठ येत नव्हती. तिनं एकदाच, दात खाऊन, मारून दाखवली. चार दिवस तो उन्हात बसला, बोटं सोलली. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी एकेक गाठ ओढून बघितली.

"ही सैल हाय."

त्यानं सोडून पुन्हा बांधली.

"बंकटला आता देणार न्हाई," जाळं खांद्यावर टाकत ती म्हणाली. "पाखरांसाठी न्हाई, जाळ्यासाठी. उठा. तुमचं तोंड बगायचं न्हाई मला."

घरी येऊन त्यानं होडीच्या घावांत डांबर भरलं. सकाळी बेटावर वीस घरटी तुडवलेली होती, पाच शाबूत. काठावर बंकटची माणसं उभी होती. बन्सीनं वहीत पाचचा आकडा लिहिला आणि होडी त्यांच्या पुढ्यातच आणून लावली.