न हललेली कामटी

कुसुमबाई गेल्या, हे मला पोंभुर्ण्यातल्या आमच्या वाचनालयाच्या पायरीवर कळलं. रविवारी त्या भद्रावतीला लेकीकडे गेल्या होत्या आणि सोमवारी पहिल्या बसनं परतणार होत्या. दहा वाजून गेले तरी कुलूप तसंच होतं. मी सकाळच्या चहाच्या आशेनं बसून होतो... तेवढ्यात लेकीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

त्याला आता दीड महिना झाला. त्या आमच्या ग्रंथपाल, मी वाचनालयाचा अध्यक्ष. ‘येथे चहा पिऊ नये’ अशी पाटी मीच रंगवून घेतली होती. बाईंनी नेमका तिच्याखाली स्टोव्ह मांडला. तिथं उजेड बरा पडतो, एवढंच कारण सांगितलं. आठवडाभरात मीही पाटीखाली बसून पिऊ लागलो. सकाळी त्यांच्या रेडिओवर भीमगीतं, दुपारी सनई. जाड कादंबरी नेणाऱ्याला त्या आधी आल्याचा कडक चहा पाजत, कवितेच्या पुस्तकाला गवती चहा. प्रवासवर्णनाला काहीच नाही. त्यांच्या मते ते लोक बाहेर पिऊनच आलेले असत.

मग त्यांना इंटरनेटचा नाद लागला. वाचनालयाचं पान उघडून त्या प्रत्येक पुस्तकावर दहा-बारा ओळी लिहू लागल्या. पुस्तक कसं आहे, सोबत कुठला चहा घ्यावा, कोणतं वाद्य ऐकावं. पान उघडताना मोबाईल नंबर लागला आणि अध्यक्ष म्हणून माझा दिला गेला, म्हणून प्रत्येक मजकुराखाली माझंच नाव आणि फोटो येऊ लागला. पानावर काही लिहायचं झालं की माझ्या फोनवर परवलीचे सहा आकडे येत. बाई टेबलावरून विचारत, “भाऊ, नंबर आला काय?” मी मोठ्यानं वाचून दाखवी. त्या पानावरचं माझं काम एवढंच.

धानोऱ्याच्या जंगलातल्या शाळांपर्यंतचे लोक ते वाचू लागले. वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत माझा फोटो छापून आला. चंद्रपुरात माझा सत्कार झाला. मी माइकवर म्हणालो, हे माझ्या एकट्याचं काम नाही. लोकांना तो माझा विनय वाटला, टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बाईही टाळ्या वाजवत होत्या. मला तिथंच थांबून खरं सांगता आलं असतं. मी नारळ घेतला.

परतीच्या बसमध्ये मी शाल त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, पुढच्या सभेत सगळ्यांना सांगून टाकतो. बाई हसल्या. “शाल ठेवा, भाऊ. मले तर बाराही महिने गरम होते. आन् सांगाचं असन तर आधी ते पुस्तकं वाचा. कोनी दोन प्रश्न इचारले तर फसान तुमी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी, ज्यांच्यावर ‘मी लिहिलं’ होतं ती सगळी पुस्तकं एका फळीवर काढून ठेवली. आमच्याकडे खुणेसाठी बांबूची पातळ कामटी पुस्तकात घालतात. त्यांनी प्रत्येकात एक, बरोबर मध्यावर घातली. मी पुस्तक नेई, आठ दिवसांनी परत आणी, छान आहे म्हणे. बाई उघडून बघत आणि चहाचा कप पुढे सरकवत. “कामटी हालली नाई, भाऊ.” हा खेळ चार वर्षं चालला. त्यांना गंमत वाटे, मला सोय. वाचणं लांबलं की सांगणंही लांबत होतं...

म्हणून आज, ज्या पुरवणीनं माझा फोटो छापला तिथंच लिहितो: त्या पानावरची एकूण एक ओळ कुसुमबाईंची आहे. माझी एकही नाही.

फळीवरचं पहिलं पुस्तक मी गेल्या आठवड्यात संपवलं. बाईंनी लिहिलं होतं तसाच कडक चहा केला, फक्त आलं जास्त पडलं. कामटी शेवटच्या पानावर सरकवून पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. मग मजकुराखालचं नाव बदलायला संगणक लावला. खिशातला फोन वाजला. सवयीनं मी त्यांच्या खुर्चीकडे वळून सहाही आकडे मोठ्यानं वाचले.

मग उठलो, त्यांच्या खुर्चीत बसलो आणि एकेक आकडा शोधून दाबला.