गुरुजींचा थोरला भाऊ

मी गुरुजींचा थोरला भाऊ आहे. गावात आणि गावाबाहेर माझी एवढीच ओळख आहे, आणि ती मला आवडत नाही.

गुरुजी म्हणजे माझा धाकटा, भास्कर. धुळ्याला देवपुरात राहतो. शाळेतून निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं, आता हा माझ्यासारखा ओट्यावर बसेल, चहा पिईल, आल्यागेल्याला नावं ठेवील. पण याला निवृत्तीनंतरच जास्त काम लागलं. पहाटे उठून सायकल. सायकलवरून उतरला की मैदान. तिथं म्हाताऱ्यांच्या शर्यतीत पळतो आणि गळ्यात बिल्ला अडकवून घरी येतो. मग कुठल्या तरी शाळेत जाऊन पोरांना गोष्टी सांगतो. मधेच कुणाच्या न्हाणीत साप निघाला, कुणाच्या गच्चीवर घुबड पडलं, की फोन भास्करला. मातीतला ठसा पाहून तरस की कुत्रं ते सांगतो. (मीही सांगतो. फक्त माझं बरोबर येत नाही.)

त्यामुळे झालंय असं, की मी चाळीसगावच्या बाजारात गेलो तरी व्यापारी म्हणतो, "या या, गुरुजींचे भाऊ ना तुम्ही?" अरे, याला पहिल्या दिवशी खांद्यावर टाकून शाळेत कुणी नेलं? मी नेलं. तो रडत होता, मी चावून घेत होतो. तिसरीत मी शाळा सोडली, हा तिथंच राहिला आणि शेवटी मास्तर होऊन बाहेर पडला. सगळं गाव मला नाना म्हणतं. पण गुरुजी आले की नाना नुसता नाना उरतो.

म्हणून मागल्या हिवाळ्यात भास्कर म्हणाला, "नाना, आमची सायकलची मंडळी रविवारी आपल्या मळ्यात येऊ म्हणताहेत," तेव्हा मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. जेवण माझं, आणि जेवणात भरीत. ते खाऊन धुळ्याच्या माणसांनी बोटं चाटली पाहिजेत आणि भास्करला विचारलं पाहिजे, "गुरुजी, तुम्ही नानांचे भाऊ का हो?" बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

आता भरीत म्हणजे काय ते खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मोठी, पांढरट हिरवी, पोरांच्या डोक्याएवढी वांगी. ती भाजायची ती पऱ्हाटीवर. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटून वाळवलेली कपाशीची झाडं. दुसऱ्या कशावर भाजलेलं भरीत मी धरत नाही. गॅसवरचं वांगं आजारी माणसाला द्यावं. हे मी गावात इतक्यांदा बोललो आहे, की मी तोंड उघडलं की लोक उठून जातात.

एकच माणूस उठला नाही. लोटन आबा. त्याचा मळा पाटाच्या पलीकडं. त्याच्याही दोन हिवाळे आधी माझ्याच मळ्यात, माझ्याच पंगतीत बसून, माझीच तिसरी पुरी तोडत तो म्हणाला होता, "नाना, तुना भरीतमा धूर नही." झालं. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. तो समोरून आला की मी आभाळाकडं बघायचो. त्यामुळे एकदा म्हशीवरही आदळलो होतो.

रविवार उजाडला. मंडळी आली. डोक्यावर कलिंगडाच्या अर्ध्या फोडीसारख्या टोप्या, अंगाला चिकटलेले कपडे, बाया आणि पुरुष एकाच पोशाखात. माझी बायको, जिला सगळे अक्का म्हणतात, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्यांचं पीठ मळत होती, ती मळायची थांबली. मला हळूच म्हणाली, "यास्ना कपडा धुवामा आटी ग्यात का?" मी म्हटलं, गप, पाहुणे आहेत.

पऱ्हाटीचा ढीग मळ्याच्या कोपऱ्यात होता. सगळ्यांना तिथं उभं केलं आणि भरताची माहिती सांगायला लागलो. भास्कर शाळेत सांगतो तसा, हात हलवत. माहिती रंगात आली आणि मी ढिगात हात घालून मूठभर काड्या ओढल्या.

आतून आवाज आला: फिस्स!

मी मागं उडी मारली. मागं वांग्यांची पाटी होती. मी पाटीत बसलो. (वांगी मोठी असल्यामुळे लागलं नाही, हा बामणोदी वाणाचा गुण.) कुणी हसलं नाही, उलट दोघीतिघींनी हात दिला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

भास्कर पुढं झाला. जमिनीवर पालथा पडून आत बघत राहिला. मग उठला तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं, जसं चौथीत पहिला आला तेव्हा झालं होतं.

"रानमांजर आहे, नाना. व्यालंय. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत."

मी म्हणालो, आपल्याच गल्लीतलं भटकं मांजर असेल, काठीनं सरकवतो. तो म्हणाला की कानांच्या टोकाला केस आहेत, शेपटीला काळी कडी आहे, आणि आपण आता सगळे मागं सरकणार आहोत. पिल्लांना हात लागला तर आई कदाचित त्यांना घ्यायला येणार नाही. आपण लांब राहिलो तर संध्याकाळी स्वतःच हलवील. सगळी मंडळी लगेच पाय न वाजवता मागं सरकली. माझ्या मळ्यात, माझ्या पऱ्हाटीपासून, भास्करच्या एका बोटावर!

आता भरीत कशावर भाजायचं? अक्का म्हणाली गॅस आहे. कुणी म्हणालं, बाभळीची लाकडं चालतील. एक मॅडम म्हणाल्या, "नाना, खिचडीसुद्धा आवडेल आम्हाला." खिचडी! धुळ्याहून सायकल मारत यायचं आणि नानाच्या मळ्यात खिचडी खायची. मी म्हटलं, भरीत होईल आणि पऱ्हाटीवरच होईल.

पण गावात पऱ्हाटी उरली नव्हती. सगळ्यांनी यंदा यंत्र आणून तिचा जागेवर भुगा करून टाकला होता. यंत्राला नाही म्हणणारी हट्टी माणसं गावात दोनच. एक मी. दुसरा लोटन.

मी थोडा वेळ आभाळाकडं बघितलं.

मुलगा मोटरसायकल घेऊन पातीचा कांदा आणायला गेला होता. पायी जायचं तर वांगी सुकली असती. भास्करची सायकल आंब्याला टेकवलेली होती. तो मागून म्हणाला, "नाना, ती वेगळी असते. तुम्हाला नाही झेपायची." हे त्यानं बोलायला नको होतं. मी तरुणपणी दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून चाळीसगावला सायकलनं जात होतो, तेव्हा हा अडीचकीचा पाढा घोकत बसला होता.

सायकल बघून मला तिची दया आली. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँड नाही. दुकानदारानं सगळं काढून घेतलं आणि हा आनंदानं घरी घेऊन आला. सीट म्हणजे वेताची छडी. मी धोतर वर खोचलं आणि बसलो. पहिल्यांदा बरं चाललं. इतकं बरं चाललं, की मी मागं वळून मंडळींना हात केला.

पाटाचा उतार लागला तेव्हा कळलं की ही सायकल स्वतःच्या मनानं पळते. हँडलवर एक खटका दिसला, तो ब्रेक समजून दाबला. तो गिअर होता. सायकल आणखी हलकी झाली. तेवढ्यात धोतराचा सोगा साखळीत गेला. साखळी गोल फिरत होती, धोतर सरळ जात होतं, आणि मी दोघांच्या मधे. समोर लोटनचा कांद्याचा वाफा, नुकतंच पाणी सोडलेला. मग मला खरा ब्रेक सापडला. तो पुढच्या चाकाचा निघाला.

सायकल थांबली. मी थांबलो नाही.

चिखलात पडून डोळे उघडले तर वर लोटन. हातात फावडं, तोंडावर काही नाही. तो माझ्यावर वाकला. मग म्हणाला, "नाना, दोन वरीस बोलना नही, आनि आज उना ते उडत उना?"

आभाळाकडं बघायची सोय होती, कारण मी उताणाच होतो. पण वर लोटन आडवा येत होता. शेवटी मी म्हणालो, "माले पऱ्हाटी जोयजे."

"तुनी पऱ्हाटी कोठे गयी?"

"तिनामा रानमांजर व्यायेल शे. भास्करना पाहुणा बठेल शेतस. भरीत करानं शे."

लोटननं फावडं मातीत रोवलं. खरं सांगतो, तो नाही म्हणाला असता तर मी त्या वाफ्यातून उठलोच नसतो. त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "पऱ्हाटी बठ्ठी लई जाय. पन भाजसू मी."

म्हणजे पऱ्हाटी सगळी माझी, पण भाजणार तो. काय करणार? पाहुणे उपाशी, धोतर साखळीत. मी मान हलवली.

धोतर काही निघालं नाही. अर्धं कापून साखळीलाच ठेवावं लागलं. लोटननं खताची रिकामी गोणी दिली, ती कमरेला गुंडाळली. बैलगाडीत पऱ्हाटी, पऱ्हाटीवर मी, माझ्यावर सायकल, असे आम्ही मळ्यात आलो. मंडळी मांजरामुळे बोलत नव्हती, त्यामुळे मोठ्यानं हसताही येईना. तोंडं दाबून सगळे नुसते हलत होते.

घर गावात, आम्ही मळ्यात. दुसरं धोतर आणायला मुलगाही अजून परतला नव्हता. भास्करनं पिशवीतून स्वतःची जादा चड्डी काढून दिली. तीच, काळी, अंगाला चिकटणारी. वर सदरा, डोक्यावर टोपी, खाली ती. अक्कानं एकदा बघितलं, पदर डोळ्यांवर घेतला आणि म्हणाली, "आते एक जागावर बठा. उभा ऱ्हाऊ नका." म्हणून मी बसून वांगी ठेचली आणि लोटननं उभ्यानं भाजली. तो एक वांगं उलटायचा, मी म्हणायचो कच्चं आहे. मी मुसळ मारायचो, तो म्हणायचा हळू. दोन वर्षांचं बोलणं साचलं होतं, ते सगळं तिथं निघालं.

पंगत बसली. मंडळींनी बोटं चाटली. मी मान ताठ करून वाट बघत होतो. त्या खिचडीवाल्या मॅडम हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "लोटन आबा, असं भरीत आयुष्यात खाल्लं नव्हतं."

लोटन माझ्याकडं बघत म्हणाला, "आज धूर शे." मी पाणी प्यायलो.

ऊन उतरलं. भास्करनं सगळ्यांना लांब आंब्याखाली बसवलं आणि हळू आवाजात गोष्ट सांगायला घेतली. गावातली पोरंही येऊन बसली. गोष्ट माझीच होती. एक नाना होते, त्यांनी पऱ्हाटीत पिल्लं बघितली आणि ठरवलं, काही झालं तरी या ढिगाला हात लागणार नाही. म्हणून ते सायकलवर बसले. आता खरं तर माझा हट्ट भरताचा होता, पण गोष्टीत तो पिल्लांचा झाला. मी दुरुस्ती केली नाही. गुरुजी चुकले असं चारचौघांत कसं म्हणायचं?

मी उडालो त्या ठिकाणी गोष्ट आली आणि भास्कर एकदम थांबला. तिकडं ढिगातून ती बाहेर आली होती. तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं. आमच्याकडं एकदा बघितलं आणि तुरीच्या शेतात गेली. परत आली, दुसरं नेलं. कुणी खोकलंसुद्धा नाही.  शेवटचं पिल्लू गेलं तेव्हा भास्करनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नंतर त्याच्या लक्षात आलं की गुडघा उघडा आहे.

पुढं महिन्याभरानं डोळे दाखवायला धुळ्याला गेलो. भास्कर म्हणाला, वाटेत एका शाळेत गोष्ट सांगायची आहे, तुम्ही बसा पाच मिनिटं. मला पुढं खुर्ची दिली. वर्गात शिरलो तशी पोरं कुजबुजायला लागली. मग एक म्हणाला, "उडते नाना!" आणि सगळा वर्ग उभा राहिला. यानं ती गोष्ट जिल्हाभर सांगितली होती! भुसावळपर्यंत गेली होती म्हणे.

पहिल्या बाकावरची एक लहान मुलगी माझ्याकडं बघत राहिली, मग भास्करकडं वळून म्हणाली, "सर, तुम्ही यांचे भाऊ आहात?"

भास्कर हसला. उत्तर मी दिलं. "हो," म्हणालो, "धाकटा आहे माझा."

टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार करणार होतो, पण धोतर खुर्चीच्या खिळ्यात अडकलं होतं. म्हणून बसल्या बसल्याच केला. हेडमास्तर नंतर भास्करला म्हणाले म्हणे, "तुमचे नाना भारी मानी आहेत."