बाप जिवंत असताना काढलेली मिशी

एप्रिल संपत आला होता. आमची पोस्ट तेरा हजार फुटांवर होती. चौदा जण, दोन बंकर, एक वायरलेस सेट आणि रॉकेलवर चालणारी एक बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी. बर्फ ओसरू लागलं होतं आणि रजा सुटू लागल्या होत्या. यादीत माझं नाव दुसरं होतं. रसद घेऊन आलेली खेचरं सकाळी सात वाजता खाली परतणार होती. त्यांच्याबरोबर मी उतरायचं, असा हुकूम होता.

मी मूळचा आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीचा. आमचं घर मेंढरांचं. बहात्तरच्या दुष्काळात सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. काही महिने दुष्काळी कामावर खडी फोडली, पुढं मेंढरं राखली आणि मग भरती झालो. स्वभाव पहिल्यापासून घाबरा. पलटणीत मी तीन गोष्टींना भीत असे. एक सुभेदारसाहेब, दुसरी घरून येणारी तार आणि तिसरा रेझर.

रेझरचं सांगतो. आमच्या वाडीत स्वतःची दाढी स्वतः करायची हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आठ दिवसांनी न्हावी तात्या धोपटी घेऊन यायचे. लिंबाखाली बसवायचे, वाटीतलं गार पाणी गालाला चोळायचे आणि वस्तरा ओढायचे. साबण नाही, ब्रश नाही. डोळ्यांतून पाणी आलं की तात्या म्हणायचे, "रडतूस काय रं, लगीन व्हयाचंय अजून." ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्या दिवशी हातात रेझर, ब्रश आणि साबण मिळाला. रोज सकाळी सहाला फॉल-इन. हवालदार कापसाचा बोळा हनुवटीवर उलटा फिरवायचा. कापूस अडकला की मैदानाला पाच चकरा. मी चकरा मारून आणि कापून घेऊन नऊ महिने काढले. पलटणीत आलो तेव्हा माझ्या गालावर इतके ओरखडे होते की कुणीतरी विचारलं, मांजर पाळलंय का.

लान्स नाईक दगडू शेलार यांनी मला दाढी शिकवली. त्यांचं गाव पाचगणीच्या घाटाखालचं. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं कमी. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. पोस्टवरच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी माझा हात धरला.

"घरी मेंढरं कातरतूस न्हवं?"

"व्हय, उस्ताद."

"कातर दाबतूस?"

"न्हाई. मेंढरू कापंल की."

"मग तुजं तोंड मेंढरापरीस हलकं हाय व्हय रं?"

त्यांची रीत ठरलेली होती. माणशी अर्धा मग गरम पाणी. बर्फ वितळवून करायचं असल्यामुळे त्याहून जास्त नाही. आधी गरम फडका गालावर ठेवून साठपर्यंत आकडे मोजायचे. मग ब्रश भिजवायचा, झटकायचा, साबणावर फिरवायचा आणि गालावरच गोल गोल घुसळून फेस उभा करायचा. रेझर नुसता टेकवायचा. त्याच्या वजनानंच तो उतरतो. केस ज्या बाजूला झुकलेत, त्याच बाजूला न्यायचा. पुन्हा फेस, मग आडवा हात. शेवटी तुरटी. आठ दिवसांत माझे ओरखडे बंद झाले. थंडीत वर दाढीची सक्ती नव्हती, पण शेलार ती सूट घेत नसत. म्हणायचे, "दाढी केली की आपुन जागं हाय हे आपल्याला कळतंय."

रजेच्या सकाळी पाच पन्नासला मी आरसा खिळ्याला लावून बसलो. एक गाल झाला. ओठाच्या कडेला आलो आणि बाहेरून आवाज आला, "खेचरं निघाली! सहालाच निघाली!" मी मान वळवली. हात जिथं होता तिथंच राहिला. डाव्या बाजूची अर्धी मिशी फेसाबरोबर रेझरवर आली.

शेलारांनी पाहिलं. "हालू नगस." त्यांनी रेझर घेतला आणि उजवी बाजू डावीइतकी करायला गेले. मग डावी जास्त वाटली. तीन फेऱ्यांत मिशी माशीएवढी झाली. मग त्यांनी उरलेलीही काढून टाकली.

"वीस दिसांत येतीय," ते म्हणाले.

"उस्ताद," मी म्हणालो, "बाप हाय माझा."

बंकरमधले हसणारे गप्प झाले. तेही आमच्याच मुलखातले. बाप गेल्यावर मुलानं मिशी काढायची, तो असेपर्यंत तिला वस्तरा लावायचा नाही, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. शेलारांनी आपल्या गळ्यातला मफलर काढून माझ्या तोंडाभोवती गुंडाळला. "गावात शिरताना सोडू नगस. आन् मनात कायबाय आनू नगस. पळ."

खेचरं पहिल्या वळणावर गाठली.

खाली उतरायला दोन दिवस, गाडीत चार दिवस. सगळी वाट माझ्या मनात एकच. घरून दोन महिने पत्र नव्हतं. उन्हाळ्यात आई आणि बाप मेंढरं घेऊन कृष्णेकाठी जात. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. आज ना उद्या कुणा मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र येईल म्हणून मी थांबलो होतो, आणि त्यात हे हातून घडलं. शिकलेला माणूस हसेल. मलाही गाडीत दिवसा हसू येत होतं. ओठावर हात गेला की ते जात होतं.

मिरजेला उतरलो. एसटीनं आटपाडीला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना, आणि माझ्या तोंडाला मफलर. पोरं बघून हसत होती. स्टँडवरच्या नळावर पाणी प्यायला मी मफलर खाली केला. मागून हाक आली. आमच्या वाडीतले महादूनाना. बापाच्या लहानपणापासूनचे सोबती.

मी वळलो. नानांनी माझं तोंड पाहिलं. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. डोक्याचं पागोटं काढून त्यांनी काखेत धरलं.

"आरं आरं आरं," ते म्हणाले. "लय वाईट झालं गड्या. आसा मानूस पुन्ना व्हनार न्हाई."

सहा दिवस ज्याला भीत होतो ते समोर उभं होतं.

"आई कुटं हाय, नाना?"

नानांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. मग म्हणाले, "तळ कुंडलला हाय. आई एकटी आसंल तिकडं. तू हो म्होरं. मी वाडीला सांगतो."

नाना माझा ओठ बघून रडत होते आणि मी नानांचं रडणं बघून. दोघांपैकी एकानंही सरळ विचारलं नाही. आमच्याकडं अशा वेळी विचारत नाहीत.

एक वीसची विट्याची गाडी मिळाली. पुढची गाडी सव्वातीनला सुटली. कुंडलला पाचला उतरलो. ऊस तुटून गेलेल्या रानांत मेंढरं बसवतात, लेंडीखत पडतं म्हणून शेतकरीच बोलावून घेतात. स्टँडवर एका बाईला विचारलं, "मावशी, आटपाडीकडची मेंढरं कुठं बसल्यात?" तिनं ओढ्यापलीकडं हात केला. माझ्या ओठाकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. आता खात्रीच झाली.

पाच चाळीसला मी तळावर पोचलो. आधी घोडी दिसली. मग चूल. मग तीन दगडांपाशी उकिडवा बसलेला, पायात कोकरू धरून त्याच्या खुरातला काटा काढणारा माझा बाप दिसला.

त्यानं वर पाहिलं. काटा निघाला, कोकरू सुटून पळालं. बाप माझ्याकडं बघतच राहिला. ड्रेस बघितला, किट बॅग बघितली, तोंड बघितलं.

"का रं?" तो म्हणाला. "मी मेलो व्हय? मला कुनी सांगितलं न्हाई."

मी बांधावर बसलो. बॅग खांद्यावरच राहिली. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. एवढ्या नोकरीत घड्याळ बघायचं राहिलं ते त्याच एका वेळी. आई पाणी घेऊन आली, तिनं तोंड पाहिलं आणि आधी पाठीत धपाटा घातला. "भाड्या, कुकू हाय न्हवं माज्या कपाळाला? दिसत न्हाई तुला?" मग तांब्या दिला. पुढं पाठीवरून हात फिरवत राहिली, पण तोंडानं शिव्या चालूच होत्या.

सकाळी बापानं हुकूम सोडला. "ज्या हत्यारानं मला मारलंस, त्येनंच माजी दाढी कर. बगू तरी."

आईनं चुलीवर पाणी ठेवलं. मी मगात अर्धंच घेतलं. बापाच्या गालावर बारा दिवसांचं रान माजलेलं. गरम फडका ठेवला, साठपर्यंत मोजलं. फेस चढायला लागला तसे बापाचे डोळे मिटले. "लोनी लावतूस काय रं?" रेझर टेकवला आणि उतरू दिला. मिशीपाशी आलो तेव्हा बापानं एक डोळा उघडला. मी लांबून वळसा घेतला.

एक गाल होतोय तोवर बांधावरून माणसं येताना दिसली. महादूनाना, चुलते, वाडीतले आणखी सहा-सात जण. पहिल्या एसटीनं आले होते. सगळ्यांची डोकी उघडी. मागं धोपटी काखेत मारून तात्या. घरातल्या पुरुषांची डोकी करायला त्यांना आणलं होतं.

नानांना अर्ध्या तोंडाला पांढरा फेस लावलेला बाप दिसला. ते जागीच थांबले.

"याऽऽ," बाप फेसातून म्हणाला. "मातीला आलाय न्हवं? बसा. च्या घिऊन जावा."

नाना आधी मला मारायला धावले, मग बापाच्या गळ्यात पडले. त्यांच्या काखेतल्या पागोट्याला फेस लागला. चुलते हसत हसत खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. आईनं गूळ घालून दोन वेळा चहा केला. ज्याच्या दुखवट्याला आले होते त्याच्याच हातून लोकांनी चहा घेतला.

एकटे तात्या हसत नव्हते. ते जवळ येऊन उकिडवे बसले आणि दुसरा गाल होईपर्यंत माझा हात बघत राहिले. झाल्यावर त्यांनी बापाच्या गालावरून उलटा हात फिरवला. आमचा हवालदार कापूस फिरवायचा तसा.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

"झोप लागत व्हती," बाप म्हणाला.

तात्यांनी मगातल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाले, "चाळीस वर्सं लोकांच्या डोळ्यांतनं पानी काडलं म्या. गरम पान्याचं कुनी सांगितलंच न्हाई रं." त्यांनी ब्रश हातात घेऊन केस दाबून पाहिले. त्या दिवशी चुलत्यांची दाढी तात्यांनी केली. वस्तरा त्यांचा, पाणी गरम आणि फेस माझ्या साबणाचा. रजा संपताना ब्रश आणि साबण मी त्यांनाच दिला. पुढच्या रजेत वाडीला गेलो तर लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडलेली होती. पोरं आटपाडीच्या बाजारातून रेझर आणून तात्यांकडूनच शिकत होती. आपलं गिऱ्हाईक कमी होतंय असं त्यांना कुणी म्हणालं तर म्हणायचे, "डोकं तर माज्याकडंच द्यायचंय न्हवं?" रीत शिकवताना एक मात्र ते प्रत्येकाला आधी विचारत. बाप हाय का?

मी पोस्टवर परतलो तेव्हा शेलार वाटेवरच उभे होते. रामराम नाही, काही नाही.

"बाप?"

"हाय, उस्ताद."

"बास." त्यांनी माझी बॅग घेतली. वर चढताना म्हणाले, "तू गेल्यापास्नं जेवान गेलं न्हाई गड्या. माझ्याच हातनं उरलेली काडली व्हती."

पुढच्या जानेवारीत शेलार चार जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त, घेऊन शेजारच्या पोस्टकडे निघाले. हवा स्वच्छ होती. निघायची वेळ सात. वायरलेसवर मी होतो. साडेदहाला रिपोर्ट आला, "नाल्यापाशी पोचलो. सब ठीक. ओव्हर." अकरा वीसला आवाज झाला. समोरच्या उतारावरचं बर्फ खाली येताना आम्ही पोस्टवरून पाहिलं.

"पेट्रोल, हाऊ डू यू हिअर मी? ओव्हर."

काही नाही.

"उस्ताद, मला ऐकताय का? ओव्हर."

एक पस्तीसला एकाचा आवाज आला. तिघं सापडले होते, जिवंत. शेलार पुढं होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

त्यांचं सामान मी बांधलं. त्या सकाळीही त्यांनी दाढी केली होती. ब्रश झटकून ठेवलेला, तसाच गोठलेला होता. मी बुखारीवर अर्धा मग पाणी तापवलं, साठपर्यंत मोजलं आणि मिशी काढली. या वेळी मान वळली नाही.

त्यांची ट्रंक घरी पोचवायला मलाच पाठवलं. साताऱ्याहून एसटी, मग घाटाखाली तीन मैल चालत. त्यांचे वडील ओट्यावर बसले होते. तार पोचलेली होती. त्यांनी ट्रंकेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुजा बी बा गेला व्हय रं पोरा?"

"न्हाई, आबा. बाप हाय."

आबांनी हात पुढं केला आणि बोटं माझ्या गालावरून, मग ओठावरून फिरवली. सावकाश, उलटी.

"कुटं कापलं न्हाई," ते म्हणाले. "त्येनं शिकीवलं व्हतं?"

"व्हय, आबा."