त्या आठवड्यात काळा रंग चालू नव्हता

रविवारी सकाळी दादाची उजवी पापणी उघडली नाही. सोमवारी दुपारी ठाण्यातल्या एका रुग्णालयात निदान झालं: म्युकरमायकोसिस. ही बुरशी असते. श्वासावाटे नाकात शिरते, नाकाभोवतीच्या पोकळ्यांत वाढते आणि रक्तवाहिन्या बंद करत पुढे सरकते. रक्त पोचत नाही तो भाग मरतो आणि काळा पडतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय बावन्न. सहा वर्षांपासून मधुमेह. डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तो कोरडी पावडर ड्रममध्ये भरतो.

या कामात संध्याकाळी नाक शिंकरलं की दिवसभर कुठला रंग भरला ते रुमालावर दिसतं. मास्क मिळतो, पण उकाड्यात तो गळ्यात असतो. घरात यावर विनोद चालायचे. वहिनी दारातच विचारायची, "आज काय, होळी की अमावास्या?" दादा म्हणायचा, "रुमाल पांढरा दिसला तर समज, मी कामावर गेलोच नव्हतो." मीही हसायचो.

निदानाच्या आधीच्या सोमवारी त्याची उजवीकडची वरची दाढ दुखू लागली. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "कीड फारशी नाही, पण एवढी दुखतेय तर काढून टाकू," म्हणाले. बुधवारी दाढ काढली. दादाने रजा टाकली. गुरुवारी गाल बधिर होता. इंजेक्शनचा असर असेल, असं आम्ही धरून चाललो. तो असर काही तासांत उतरतो, हे नंतर कळलं.

शुक्रवारी रुमालावर काळं आलं.

"अहो, तीन दिवस तुम्ही घरी आहात," वहिनी म्हणाली.

"जुना माल असेल गं आतला. निघतोय तर निघू दे, गोदाम साफ होतंय."

शनिवारीही आलं. दोन्ही दिवस एकाच नाकपुडीतून.

रविवारी पापणी मिटली तेव्हा आम्ही त्याला कल्याणच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे डोळ्यात घालायला थेंब दिले. नाकात कोणी पाहिलं नाही. काळ्या रुमालाचं आम्हीही सांगितलं नाही.

ठाण्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, मग सीटी स्कॅन पडद्यावर लावला. त्यांनी पेन टेकवून दाखवलं. "ही मॅक्झिलरी सायनस, गालाच्या हाडातली पोकळी. एरवी हिच्यात फक्त हवा असते. वरच्या दाढांची मुळं हिच्या तळाला लागून असतात, म्हणून दाढ दुखली. दाढेत काही नव्हतं. ही इथमॉइड, दोन डोळ्यांच्या मधली, मधमाशांच्या पोळ्यासारखी. ही आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदाएवढं पातळ हाड आहे. बुरशी त्याच्या पलीकडे गेलीय. नाकातून काळं येत होतं?"

"येत होतं, पण यांच्या कंपनीत..."

"किती दिवस?"

वहिनीने बोटं मोजली. "आज चौथा."

"शुक्रवारी आला असतात, तर डोळ्याबद्दल मी वेगळं बोलले असते. साखर खूप वाढलीय. गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

"आठवल्या तर," वहिनी म्हणाली.

दादाने एकच विचारलं. "मॅडम, डोळा राहील ना?"

"आधी तुम्ही राहा."

त्याच संध्याकाळी नाकावाटे शस्त्रक्रिया करून मेलेला भाग आणि गालाचं थोडं हाड काढलं. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन झाल्या. अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीचं औषध रोज शिरेतून जायचं. ते मूत्रपिंडांना झेपतंय का, हे पाहायला रोज रक्त काढायचे. डोळा काढायचा की ठेवायचा, हा निर्णय प्रत्येक स्कॅनला पुढे ढकलला जायचा.

दहाव्या दिवशी त्याच्या पाळीतला म्हात्रे भेटायला आला. मी विचारलं, त्या आठवड्यात काळा चालू होता का.

"काळा? दोन महिने झाले, काळ्याची ऑर्डरच नाय. पिवळा चाललाय." तो दादाकडे वळला. "तुला तर माहीत होतं रे."

दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

घरात मधुमेही माणूस असेल त्यांच्यासाठी: एका बाजूचा गाल बधिर होणं, वरची दाढ अचानक दुखणं, एका नाकपुडीतून काळा स्राव येणं, एकाचे दोन दिसणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. रुमाल सोबत न्या.

दादा सदतिसाव्या दिवशी घरी आला. तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये बुरशी नव्हती. डोळा काढावा लागला नाही. नेत्रतज्ज्ञांनी त्याला डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितला आणि उजव्यासमोर टॉर्च धरला.

"लावा ना," दादा म्हणाला.

टॉर्च लागलेलाच होता.