कोटाच्या अस्तरातलं ठिगळ

आमच्या गल्लीतल्या रफूकाकांचा गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर कधीच विश्वास नसे. कुणी शर्ट पुढे करून म्हणालं, "काका, खिळ्याला अडकला," की ते आधी तो उलटा करत, उजेडाकडे धरत आणि चष्म्यावरून त्या माणसाकडे बघत.

"खिळा गरम होता का हो?"

सिगारेटचं भोक कोणतं आणि खिळ्याचं कोणतं, हे त्यांना नुसत्या बोटांनी कळे. एका गृहस्थांनी खिसा उसवलेली पँट आणून मांजरावर आळ घेतला, तेव्हा काका म्हणाले, "मांजराला खिशात काय सापडलं, ते मी विचारत नाही. परवा घेऊन जा."

त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोघं बसले की तिसऱ्यानं उभं राहायचं. भिंतीपलीकडे सलून होतं आणि वरच्या मजल्यावर काकांचं घर. त्या घराच्या एकुलत्या एका खिडकीतून चौक सरळ समोर दिसे. ही खिडकी नसती, तर मला वाटतं त्या दोघा नवरा-बायकोचं आयुष्य फार सुखात गेलं असतं.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारात दगडफेक झाली, पोलीस आले, पळापळ झाली आणि चौकात एक गोळी सुटली. छापखान्यात खिळे जुळवणारा तेवीस वर्षांचा मुलगा जागच्या जागी गेला. गोळी आरपार गेली होती. ती कुणाला सापडली नाही, किंवा सापडली असली तरी कुणी सांगितलं नाही.

त्या एका गोळीच्या तीन हकिकती झाल्या. दोन शिपायांनी जबाब दिला की मुलगा लोखंडी गज उगारून अंगावर आला, म्हणून नाइलाजानं गोळी झाडली. दोघांचे जबाब शब्दाला शब्द सारखे होते. एवढं सारखं तर माझ्या वर्गात शेजारी बसलेली मुलंही लिहीत नसत. सलूनवाल्यानं सांगितलं की मुलाच्या हातात काही नव्हतं, तो हात वर करून, छाती पुढे काढून उभा होता, पाऊलभरही मागे हटला नाही. गल्लीनं ही हकीकत उचलून धरली आणि चौकात त्याच्या नावाची पाटी बसवली.

तिसरी हकीकत काकूंची. त्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांच्या जबाबाच्या ओळी अवघ्या चार: मुलगा पळत होता, आमच्या घराच्या दिशेनं पळत होता, पोलीस त्याच्या पाठीमागे होते, हात मोकळे होते.

यावर सलूनवाला चारचौघांत म्हणाला, "वहिनी, त्याला पळपुटा ठरवायला किती मिळाले?" नळावर बायका काकूंशी बोलेनाशा झाल्या. पळत होता म्हणजे त्यानं काहीतरी केलं असणार, असं म्हणायला पोलीस मोकळे होतील, ही सगळ्यांना भीती. ती अगदीच खोटी होती असंही नाही. तीन आठवड्यांत चौकशी आटोपली आणि शिपायांचं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं. डॉक्टरांच्या अहवालातलं नेमकं एक पान तेव्हापासून गहाळ आहे.

मुलाचा कोट पोलिसांनी घरी परत दिला. जाडसर राखाडी लोकरीचा, आतून तपकिरी अस्तर. त्या घरात ऊबदार असा तेवढाच एक कपडा होता आणि वडील पहाटेच्या पाळीला जात. आई तो धुऊन, घडी घालून काकांकडे घेऊन आली. "भोक होतं हे कळता कामा नये," एवढंच म्हणाली.

काकांनी आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढून त्यांनी पाठीवरची आणि छातीवरची लोकर अशी विणली की हात फिरवूनही लागू नये. छातीकडचं अस्तर फार फाटलं होतं, ते त्यांनी बदललंच. पाठीच्या अस्तरावर मात्र नुसतं ठिगळ लावलं, कारण तसलं गुळगुळीत कापड रफू धरत नाही. वडिलांनी तो कोट पुढे चौदा वर्षं घातला. एका माणसाच्या मरणाचा पुरावा दुसरा माणूस अंगात घालून रोज कामावर जात होता आणि यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

काम चालू असताना काकूंनी एकदाच विचारलं होतं, "अहो, तुम्हाला तर भोकावरून सगळं कळतं. हे कुठून आलंय?"

"कापडावरून काही कळत नाही," काका म्हणाले होते.

काकूंनी पुढे विचारलं नाही. पण तेव्हापासून कुणी काकांच्या हाताचं कौतुक केलं की त्या म्हणत, "हो, झाकण्यात यांचा हात कुणी धरणार नाही." लोकांना तो विनोद वाटे.

यंदा जुनी प्रकरणं पुन्हा तपासायचं ठरलं. मुलाची धाकटी बहीण, जी तेव्हा आठ वर्षांची होती आणि आता पोस्टात काम करते, कोट पिशवीत घालून काकांकडे आली. माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मलाही तिनं बरोबर घेतलं होतं.

"काका, डॉक्टरांचं ते पान सापडत नाही. शिपायांपैकी एक वारला, दुसऱ्याला आठवत नाही म्हणे. यावरून काही सांगता येईल का?"

काकांनी कोट हातात घेतला. पहिल्यांदाच त्यांनी कपडा उलटा केला नाही.

"काही बाहेर आलं, तर ते तुला आवडेलच असं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

जिन्यावर काकू उभ्या होत्या. त्या खाली न उतरता म्हणाल्या, "सांगा की. कापडावरून काही कळत नाही म्हणून."

"कळतं," काका म्हणाले. त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. "तेव्हाच कळलं होतं."

काकू वर निघून गेल्या.

चौकशीची खोली म्हणजे एका सरकारी इमारतीतलं दमट दालन होतं. न्यायाधीश बाई वयस्क, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी सलूनवाल्याला बोलावलं. तो आता सत्तरीला आला होता. जुन्या जबाबात तो म्हणाला होता की गोळी सुटली तेव्हा तो गिऱ्हाइकाची दाढी करत होता. आता म्हणाला, दुकानाच्या पायरीवर उभा होतो.

"नक्की कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"पायरीवरच. मी रोज पाटीवरून हात फिरवतो, मला चांगलं आठवतं."

"पाटी नंतरची आहे. मी गोळीबद्दल विचारते आहे."

तो ओशाळला. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. त्यानं जे इतकी वर्षं सांगितलं, तेच त्याला दिसू लागलं होतं.

मग काका उठले. त्यांनी कोट उलटा करून टेबलावर पसरला आणि पाठीच्या अस्तराची बाजू वर केली. "गोळी पाठीतून आली असेल, तर बाहेरची लोकर आत ढकलली जाते आणि अस्तराच्या भोकात अडकते. छातीतून आली असेल, तर पाठीकडे अस्तर बाहेर ओढलं जातं, लोकरीच्या भोकात. मी लोकर विणली, त्यामुळे तिथला पुरावा मीच संपवला. पण ठिगळाखाली काही साफ केलेलं नाही."

सरकारी वकील उठले. "हे ठिगळ तुम्ही गेल्या आठवड्यात लावलं नाही कशावरून? जबाब देणारी बाई तुमची पत्नी आहे."

"बरोबर आहे. मीही संशय घेतला असता. उसवा तुम्हीच."

न्यायाधीश बाईंनी कात्री आपल्या कारकुनाला दिली. त्यानं एकेक टाका कापला. ठिगळ उचललं तेव्हा त्याखाली अस्तराचा चौकोन गडद तपकिरी निघाला. भोवतालचं सगळं अस्तर चौदा वर्षांच्या घामानं विटून पिवळट झालं होतं. वकील वाकून बघत राहिले आणि परत जागेवर जाऊन बसले.

चौकोनाच्या मध्ये करंगळी जाईल एवढं भोक होतं आणि त्यात राखाडी लोकरीचा झुबका आतल्या बाजूला घुसून बसला होता.

"मृताची पाठ बंदुकीकडे होती, एवढं नोंदवून घ्या," बाई म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "एकतीस वर्षं का बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. हिनं विचारलं होतं. शेजारी सलून, समोर पाटी, खालच्या दुकानावर पोट. हिच्यापेक्षा मला गल्ली जड वाटली."

काकू मागच्या बाकावर होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

नंतर आम्ही बाहेरच्या ओसरीत थांबलो. सलूनवाला लांबूनच निघून गेला. बहीण बाकावर बसली होती. शिपाई खोटे ठरले होते, आणि ज्यानं छाती पुढे काढल्याच्या गोष्टी ऐकत ती वाढली होती, तो भाऊही गेला होता. ती काकूंना म्हणाली, "काकू, तो तुमच्याकडे पळत येत होता. म्हणजे तुम्हाला त्याचा चेहरा दिसला असेल."

काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आता कशाला विचारतेस? पुन्हा जबाब फिरवायचाय का कुणाला?"

"नाही. मला त्याचा चेहरा आठवत नाही. फोटोतलाच आठवतो."

"घाबरला होता. खूप घाबरला होता. मला बघून ओरडला, दार उघडा. हे मी जबाबात सांगितलं नाही." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मी जिना उतरत होते. चार पायऱ्या राहिल्या होत्या."

बहीण बाकावर सरकली आणि तिनं शेजारी जागा केली. काकू बसल्या. काका उसवलेला कोट हातावर घेऊन समोर उभे होते. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही, आणि त्यांनीही तशी वाट पाहिली नाही.