होयबाची कारकीर्द

गावात त्याला होयबा म्हणत, तेही तोंडावर. फोटो स्टुडिओ चालवायचा; गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. त्याची थोरली बहीण नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होती. आईमागे तिनंच त्याला वाढवलं होतं आणि त्याचा कणा किती लवचीक आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नगरपालिकेत दोन गट हमरीतुमरीवर आले. एकाचा माणूस दुसऱ्याला चालेना. शेवटी कुणालाच अडचण होणार नाही असा माणूस हवा म्हणून होयबा नगराध्यक्ष झाला. पहिल्याच आठवड्यात त्यानं दालनात आपल्या टेबलाखाली चौथरा बांधून घेतला. खालून पाहिलं की माणूस मोठा दिसतो, एवढं फोटोच्या धंद्यानं त्याला शिकवलं होतं.

मग राजधानीतल्या एका मंत्र्याच्या जावयाला हॉटेल बांधायला प्रसूतिगृहाची जागा आवडली. बदल्यात आमदारकीचं तिकीट. होयबानं सही ठोकली. प्रसूतिगृह एका जुन्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर गेलं. जिना अरुंद, कठडा मोडका.

व्हायचं तेच झालं. एक बाई अर्ध्या जिन्यातच बाळंत झाली. बहिणीनं पायरीवर गुडघे टेकून मूल हातात घेतलं आणि दोघांची सोय लावून, रक्ताळलेल्या कपड्यांनिशीच दालन गाठलं.

"चल, तो जिना चढून दाखव मला."

"ताई, हळू बोल, बाहेर लोक बसलेत. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?"

"आहेत. तुझ्या कृपेनं नाही."

"मग झालं तर!" त्याचा चेहरा उजळला. "उद्या येतो. बाळाला घेऊन एक फोटो काढू. प्रचाराला छान दिसेल."

दुसऱ्या दिवशी तो हार-तुरे घेऊन आला, तेव्हा ती वॉर्डाच्या दारात आडवी उभी राहिली. त्यानं खाली गोदामासमोर एकट्याचाच फोटो काढून घेतला.

तरी तो निवडून आला. लोक तिकिटाकडे बघतात, माणसाकडे कोण बघतो! पुढे उपमंत्रीही झाला. सभागृहात एकदाच बोलायला उठला, तेही पंखा बंद आहे म्हणून. सरकार डळमळलं तेव्हा त्यानं सकाळी एका गटाला होय म्हटलं, दुपारी दुसऱ्याला. संध्याकाळपर्यंत दोघांनाही कळलं आणि दोघांनीही त्याला हाकललं. पुढच्या निवडणुकीत डिपॉझिटही गेलं.

एका सकाळी तो बहिणीच्या दारात उभा राहिला. मागे ना गाडी, ना माणसं.

"ताई, माझं काय चुकलं गं? मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"चहा ठेवलाय, गाळून घे," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "मला जिना चढायचाय."